घरचं रक्त

धानोलीत आता दोरीवरचे कपडे पांढरेच राहत. धातू वितळवणाऱ्या भट्टीच्या धुराड्यावर नवी गाळणी बसली, काजळी पडायची थांबली आणि गावाला आपल्या निळ्या आभाळाचं कोण कौतुक! रक्तपेढीत तंत्रज्ञ असलेल्या प्रमिला आत्रामलाही ते होतंच.

तिच्या लेकीला, रेवतीला, सिकलसेल. दुसऱ्यांच्या रक्तावर जगणारी पोर. पण परक्याचं रक्त तिला चढलेलं भट्टीच्या कामगार वसाहतीत कुणालाच खपत नसे. आपल्या पोरीला आपल्याच माणसांचं रक्त, असा सगळ्यांचा हट्ट. आणि पहिला मान भट्टीवरच्या धडधाकट गड्यांना. त्यात सर्वांत पुढे प्रमिलाचा धाकटा भाऊ सुखदेव.

"माह्यासारखं रक्त अख्ख्या जिल्ह्यात नाही," तो छाती ठोकून सांगायचा, आणि त्याच्या फुशारकीला प्रमिला दरवेळी हसायची.

यंदा मात्र ते रक्त रेवतीच्या अंगी टिकेना. पिशवी चढवली की चार दिवस गालांवर रंग, मग पुन्हा धाप. हिमोग्लोबिन पाचावर उतरलं तेव्हा प्रमिलाने दिलेलं रक्तच तपासायचं ठरवलं. पेढीत नुकतीच पेशीचाळणी आली होती, म्हणजे पेशीहूनही अरुंद वाटा कोरलेली काचपट्टी. निरोगी तांबडी पेशी अंग दुमडून त्यातून निसटते. शरीरातल्या केशवाहिन्यांतूनही ती तशीच जाते. प्रमिलाने सुखदेवच्या रक्ताचा थेंब सोडला. पेशी वाटेच्या तोंडाशीच अडकल्या आणि मागच्या त्यांच्यावर येऊन आदळू लागल्या.

तिने डॉक्टर खडतकरांना हाक मारली. बाईंनी भिंगाची ताकद वाढवली आणि शेजारच्या पडद्यावर बोट ठेवलं.

"पेशीच्या पापुद्र्यावर हे ठिपके दिसतात? भट्टीतले कण आहेत. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढे. फुप्फुसातून सरळ रक्तात उतरतात. त्यांनी पेशी ताठरते, आणि रेवतीच्या प्लीहेत गेली की फुटते."

"पण मॅडम, हवा तर स्वच्छ झाली ना?"

"काजळी गेली. पूर्वी हे कण काजळीला चिकटून खाली बसायचे. गाळणीतून ते निसटतात, आणि आता त्यांना चिकटायला काही उरलं नाही."

प्रमिलाने रेवतीला दिलेल्या रक्ताच्या नोंदी काढल्या. इतके महिने हेच रक्त तिने स्वतःच्या हाताने लेकीच्या शिरेत सोडलं होतं. तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

खडतकरांनी लगेच फोन लावला. भट्टीपासून दूर, डोंगरातल्या एका पेढीत जुळणारं रक्त होतं. ड्रोन संध्याकाळपर्यंत पिशवी पोचवणार होता.

तेवढ्यात बाही वर सारत सुखदेव आत आला. "टोच लवकर, ताई. भाची वाट पाहून राह्यली."

"नाही रे सुखा. तुझं नाही घ्यायचं."

"कायले? मी का दारू पेतो?"

तिने त्याला पडद्यापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. भाचीसाठी दुसरं रक्त निघालंय हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याची नजर पुन्हा पडद्याकडे गेली. बाहीचं बटण लावता लावता त्याचा हात थांबला.

"तिचं रक्त तर तू बदलून देशीन, ताई," तो हळूच म्हणाला. "पण माह्या अंगात जे फिरून राह्यलं, त्याचं काय?"