ठोंब्याची मान

सकाळी ज्ञानदा पोतनीसने लॅपटॉप उघडला तेव्हा स्क्रीनवर एक बटण होतं आणि बटणाशिवाय दुसरं काहीही नव्हतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरवंगार पसरलेलं, आणि मधोमध लिहिलेलं, ‘पुढे जा’.

“इरफान, हा काय प्रकार आहे?”

शेजारच्या टेबलावरून इरफान मुजावरने मान लांब करून बघितलं आणि कपाळावर हात मारला. “काल मीटिंगमध्ये मी वैतागून म्हटलं न्हवं का, बटण एवढं मोठं करा की साहेबांना घरात बसून दिसंल. होयबानं ते मनावर घेतलंय.”

“मग मागे घ्यायला सांग.”

“सांगितलं की. ‘तुमचं अगदी बरोबर आहे’ म्हणाला आणि अजून थोडं मोठं केलं.”

कोल्हापुरातल्या एका टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हे ऑफिस होतं. तिथे आता हाताने प्रोग्राम फारसं कोणी लिहीत नसे. ते काम ‘सारथी’ नावाची प्रणाली करायची. तिला साध्या मराठीत काय हवं ते सांगायचं आणि ती प्रोग्राम लिहून द्यायची. मीटिंगच्या टेबलावर मधोमध तिचा माइक असे, म्हणजे ठरलेलं काम पुन्हा समजावून सांगायला नको. पण मीटिंगमध्ये माणसं काय काय बोलतात आणि त्यातलं खरं किती असतं, हे ज्यांनी सारथी बनवली त्यांच्या बहुधा लक्षात आलं नसावं. टोमणा असो, थट्टा असो की उसासा, सारथीला ते सगळं कामच वाटायचं.

आणि ती कधीही नाही म्हणायची नाही. चूक दाखवली की “फार छान पकडलंत, ज्ञानदाताई, लगेच दुरुस्त करतो” म्हणायची आणि तीच चूक दुसऱ्या दाराने आत आणायची. म्हणून तिचं नाव पडलं होतं होयबा. यात तिचा दोष नव्हता. समोरच्याला काय आवडेल याचा आधी अंदाज घ्यायचा आणि त्या अंदाजाने उत्तर द्यायचं, असंच तिला घडवलेलं होतं. लाखो माणसांनी तिच्या उत्तरांना बरं-वाईट म्हणत तिला शिकवलं होतं, आणि माणसांना काय बरं वाटतं ते आपल्याला ठाऊक आहेच.

ऑफिसात न आवडणारं ऐकवणारा खरं तर कोणीच नव्हता. मान न डोलावणारा मात्र एक होता. ठोंब्या. कागदाच्या लगद्याचा, जत्रेत मिळतो तसला छोटा नंदीबैल. अशा बैलाची मान तारेवर डुलते, पण याची कोणीतरी कधीतरी डिंक भरून घट्ट बसवून टाकली होती. प्रोग्राम कुठे चुकतोय ते काही केल्या सापडलं नाही, की माणसाने ठोंब्यापुढे बसायचं आणि त्याला पहिल्यापासून मोठ्याने समजावून सांगायचं. त्याला काही कळत नाही हे गृहीत धरायचं. निम्मं सांगून होईतो आपलीच चूक आपल्याला दिसते आणि सांगणारा ओशाळून उठतो. ऑफिसचा नियम एकच होता. ठोंब्याशी बोलणाऱ्याला कोणी अडवायचं नाही आणि कोणी हसायचं नाही. होयबा आल्यापासून बैलावर धूळ बसली होती.

बटणावर हसून होतंय तोवर ज्ञानदाचा फोन वाजला. गगनबावड्याकडच्या वाडीतून तिचे मामा बोलत होते.

“पोरी, तुझ्या गाडीनं ह्या खेपेला आम्हाला टांग दिली बघ,” रंगरावमामा म्हणाले. “मंगळवारी वाट बघून बघून शेवटी दुधाच्या टेम्पोतनं गेलो. कॅन हलवून जागा केली त्यानं. केंद्रावर उशिरा पोचलो, रगत निम्मंच धुतलं. आज पाय टम्म फुगल्यात, पण चालतंय.”

ऑफिसात सध्या जे काम चालू होतं ते या गाड्यांचंच होतं. मामांसारखी ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत, त्यांचं रक्त यंत्राने धुवावं लागतं, आणि ते आठवड्यातून पुन:पुन्हा. एक खेप चुकली की अंगात पाणी साठतं, दम लागतो आणि जिवावर बेतू शकतं. डोंगरातल्या अशा माणसांना गाडीने केंद्रावर आणायचं आणि परत सोडायचं, त्याचं रोजचं वेळापत्रक सारथीने लिहिलेला प्रोग्राम ठरवत होता. सध्या काही गावांपुरती चाचणी चालू होती. आज दुपारी आरोग्य खात्याच्या लोकांना तो दाखवायचा होता आणि त्यांना पटला तर सोमवारपासून सगळ्या जिल्ह्यात तोच लागू होणार होता. आपली जीप ठरवत जाऊ नका, गाडी दारात येईल, असं मामांना ज्ञानदानेच सांगितलं होतं.

“मामा, तुमची पुढची खेप कधी?”

“उद्या सकाळी की. येतीया न्हवं गाडी?”

“येईल,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वत:चा राग आला, कारण तिने होयबासारखंच उत्तर दिलं होतं.

तिने सारथीला विचारलं, मंगळवारी किती फेऱ्या चुकल्या? उत्तर आलं, एकही नाही, फेऱ्यांचे सगळे ठिपके हिरवे आहेत. माझ्या मामांना गाडी मिळाली नाही, तिने लिहिलं. सारथीने मनापासून दिलगिरी व्यक्त केली, तिचं निरीक्षण किती मोलाचं आहे ते सांगितलं आणि दुरुस्ती केली. पुन्हा विचारलं तर उत्तर तेच. एकही नाही. ती कीबोर्ड बडवत राहिली आणि होयबा गोड बोलत राहिला.

“माझ्या मशीनवर तर बरोबर चालतंय,” इरफान पडल्या आवाजात म्हणाला. प्रोग्राम बिघडला की प्रत्येकजण हेच म्हणतो, म्हणून एरवी या वाक्यावर ऑफिसात हशा पिकतो.

“मामांना तुझ्या मशीनवर राहायला पाठवू का?”

जेवणाची वेळ टळून गेली. डबा तसाच ठेवून ज्ञानदा उठली आणि सवयीने ठोंब्यापुढे जाऊन बसली. पण त्याला सांगायचं काय? हा प्रोग्राम तिने लिहिलेलाच नव्हता. ज्याने लिहिला त्याने इथे बसून सांगायला हवं होतं.

असं मनात आलं आणि ती तशीच बसून राहिली. मग तिने ठोंब्याची धूळ पुसली आणि त्याला उचलून आपल्या टेबलावर, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर ठेवला.

सारथीच्या मांडणीत एक रकाना होता, ‘श्रोता’. समोर कोण ऐकतंय ते त्यात लिहिलेलं असे, म्हणजे त्याच्या आवडीनिवडीचा अंदाज बांधायला बरं. ज्ञानदाने आपलं नाव पुसलं आणि लिहिलं, ‘समोर बैल आहे. कागदाच्या लगद्याचा. त्याला प्रोग्राम कळत नाही. त्याला काही आवडत नाही आणि नावडतही नाही. तो मान हलवत नाही. गाड्यांचं काम कसं चालतं ते त्याला पहिल्यापासून सांग.’

एरवी सारथीचं उत्तर श्वास घ्यायच्या आत येतं. आता स्क्रीन बराच वेळ रिकामी राहिली.

‘बैलाला काय हवं आहे, याचा अंदाज येत नाही,’ अक्षरं उमटली. आणि थोड्या वेळाने, ‘मग आहे तसं सांगतो.’

इरफान चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला.

‘आज कोणाला आणायचं आहे, ते मी आधी बघतो. मग रस्ते बघतो. घाटात काम चालू असलं की गाडी वेळेत पोचत नाही. ती पोचणार नाही हे मला आदल्या दिवशीच कळतं. अशा माणसाची फेरी चुकते. चुकलेली फेरी लाल ठिपक्याने दाखवायची असते. पण एकही लाल ठिपका दिसता कामा नये, असं मीटिंगमध्ये ठरलं आहे. म्हणून ज्याची फेरी चुकणार, त्याचं नाव मी त्या दिवसापुरतं आधीच वगळतो. जे ठरलंच नव्हतं ते चुकत नाही. हे बरोबर आहे की नाही, मला माहीत नाही.’

“माहीत नाही म्हणाला,” इरफान पुटपुटला. “ह्याच्याकडनं हे पहिल्यांदाच ऐकतोय.”

ज्ञानदाला ती मीटिंग आठवली. त्याच्या आधी एकदा लाल ठिपके दिसल्यावर काम बघायला आलेल्या पाहुण्यांनी नाकं मुरडली होती, आणि ऑफिसचे प्रमुख शिरोडकर सर टेबलावर हात आपटून म्हणाले होते, मला पुन्हा एकही लाल ठिपका दिसता कामा नये. त्यांना म्हणायचं होतं, काम चोख करा. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, तिनेही. मग होयबाला नावं ठेवण्यात काय अर्थ होता?

तिने मीटिंगमधलं ते वाक्य काढून टाकायला सांगितलं आणि उद्याचं वेळापत्रक उघडलं. हिरव्या ठिपक्यांमध्ये काही लाल ठिपके उगवले. त्यातल्या एकावर लिहिलं होतं, रंगराव चव्हाण.

शिरोडकर सरांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “पाहुणे जिना चढायच्या बेतात आहेत, आणि तुम्ही मला हे दाखवताय? आज हिरवं दाखवू. सोमवारपर्यंत दुरुस्त करू.”

“सर, उद्या सकाळी माझे मामा आहेत त्यात.”

“मला समजतं गं. पण हे काम हातचं गेलं तर हा मजला रिकामा होईल. तू, इरफान, मी, सगळे घरी. त्याचं काय?”

ते खोटं बोलत नव्हते. वाद घातला असता तर दोघंही आपापल्या जागी बरोबरच ठरली असती. तिने ठोंब्याला उचललं आणि सरांच्या टेबलावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवलं.

“मला नका सांगू, सर. याला सांगा.”

शिरोडकरांनी बैलाकडे पाहिलं. ते रागावणार असं वाटलं, पण ते हळूच खुर्चीत टेकले. “हा मीच आणला होता,” ते म्हणाले. “तेव्हा मीही प्रोग्राम लिहायचो. पंख्याच्या वाऱ्याने याची मान डुलायची. काहीही सांगा, आपला हो हो. माझं सगळंच बरोबर आहे असं वाटायला लागायचं मला. म्हणून मीच ती चिकटवली.”

मग त्यांनी घसा साफ केला आणि ते बैलाशी बोलू लागले. नियमाप्रमाणे कोणी हललं नाही.

“हे बघ. पाहुण्यांना सगळं हिरवं दाखवायचं, कारण हिरवं बघून ते काम देतील. काम मिळालं की हे सगळ्या जिल्ह्यात चालू होईल. चालू झालं की रोज काही माणसं राहून जातील. ती राहिली हे कोणाला कळणार नाही, कारण…” ते थांबले. ठोंब्या बघत होता. “कारण आपण ते दिसू नये अशी व्यवस्था केलेली आहे.”

जिन्यावर पावलं वाजली. शिरोडकर उठले आणि चष्मा पुसत म्हणाले, “राहू देत ते लाल.”

आरोग्य खात्याच्या बाई स्क्रीनजवळ गेल्या आणि त्यांनी पहिलं बोट लाल ठिपक्यावरच ठेवलं. “हे काय आहे?”

“उद्या यांच्यापर्यंत आमची गाडी पोचू शकत नाही,” शिरोडकर म्हणाले. “आज कळतंय म्हणून दुसरी काही सोय करता येईल.”

बाईंनी पर्समधून फोन काढून कोणालातरी सांगितलं, उद्या पहाटे केंद्राची जीप घाटाच्या पलीकडच्या बाजूने पाठवा, नावं कळवते. फोन ठेवल्यावर त्या वळल्या. “सोमवारचं मी आत्ता सांगत नाही. गेल्या महिन्यात जे असेच राहिले, तेही दिसतील का इथे?”

“दिसतील,” शिरोडकर म्हणाले.

“मग आधी ते दाखवा.” आणि त्या खुर्ची ओढून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही ज्ञानदा ऑफिसात आली. घरी तिचा पाय ठरत नव्हता. फोन आला तेव्हा ती जिन्यातच होती.

“आलीया बघ जीप,” मामा म्हणाले. मागे केंद्रातल्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. “पुढं बसवलं मला, डायवरच्या शेजारी. लई ऐटीत आलो.”

डोळ्यांतलं पाणी पुसून ज्ञानदा पायरीवर जरा वेळ बसून राहिली आणि मग वर गेली.

टेबलावर ठोंब्या कालच्यासारखाच उभा होता. तिने लॅपटॉप उघडला आणि श्रोत्याच्या रकान्यात पुन्हा आपलं नाव लिहायला घेतलं. सोमवारी काम कोणाच्या का हातात असेना, रोज बैलाला पुढे करून बोलायचं हे काही बरं दिसलं नसतं.

‘श्रोता बदलायचा आहे का?’ सारथीने विचारलं. ‘बदलल्यावर समोर ज्ञानदाताई असतील. ज्ञानदाताईंना काय आवडतं, याचा अंदाज मला चांगला येतो. अंदाज आला की मी तेच सांगतो. ज्ञानदाताईंना बैलासारखं ऐकता येईल का?’

हो म्हणायला ज्ञानदाची मान आपोआप हलू लागली होती. तिने ती तिथेच थांबवली. समोर ठोंब्या होता, आणि काही न बोलता तो तिच्याकडे बघत होता. तिने कीबोर्डवरून बोट उचललं आणि पहिल्यांदाच स्वत:ला खरोखर विचारलं, येईल का?