घाटात बैल कोण सोडतं?

“थांबवा गाडी, सुपडूकाका! पुन्हा तोच जळका वास!” दगू ओरडली.

तोरणमाळच्या घाटात दगूच्या वडिलांची, आबांची, नवी कोरी अमेरिकन मोटार करकचून थांबली. चाकांतून धूर निघत होता! १९४८ सालची मे महिन्याची सुट्टी. दगू आणि तिचा धाकटा भाऊ वाहरू दगूच्या वर्गमित्राला, तोरणमाळच्या उदेसिंगला, चार दिवसांसाठी शहाद्याला घरी घेऊन चालले होते.

सुपडूकाकांचं तोंड एवढंसं झालं. ब्रेक आधीच दोनदा जळले होते, आणि तिसऱ्यांदा जळले तर किल्ली परत द्यायची, असं आबांनी बजावलं होतं. जन्मभर बैलगाडी हाकलेल्या काकांचा या मोटारीवर भारी जीव होता.

“चाकं गार होईपर्यंत तपास करू!” दगूने पदर खोचावा तशी ओढणी खोचली. “चढताना काही होत नाही. उतारावरच का?”

“उतारावर इंजिनाचा आवाज एकदम बसतो,” उदेसिंग म्हणाला. त्याचे कान भलतेच तिखट!

“मी पाहिलंय!” वाहरू उडालाच. “उतार लागला की काका दांडी एनवर सरकवतात!”

या मोटारीला क्लचच नव्हता. गिअर आपोआप बदलायचे. स्टिअरिंगखालच्या दांडीला चार जागा होत्या: एन, हाय, लो आणि आर. एनवर इंजिन चाकांपासून सुटायचं आणि आरवर गाडी मागे जायची.

“एनवर कशाला, काका?”

“चढ चढीसन दमी जास ना ते इंजिन! उतारवर त्याले जरासा आराम नको का?”

वाहरू फिसकन हसला. दगूने त्याला चिमटा काढला. तिला काकांच्या मायेचं फार बरं वाटलं. पुढच्या खणात मोटारीचं पुस्तक होतं. दसऱ्याला हळदकुंकू वाहून ठेवलेलं, पण कुणी कधी न उघडलेलं! एकेका इंग्रजी शब्दावर बोट ठेवत दगूने अर्थ लावला.

“उतारावर एन वापरू नये. वेग कमी करून लो टाकावा, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं. गाडी पुढे जात असताना आर कधीही टाकू नये!”

“पुस्तक लिखनाराले आपला घाट माहीत शे का?” काका फणकारले.

“काका,” उदेसिंगने शांतपणे विचारलं, “भरलेली गाडी घाटातून उतरवताना तुम्ही बैल सोडता?”

“येडा शे का तू? गाडी दरीमा जाई ना! बैलच ते तिले धरी...” काकांचं वाक्य अर्धवटच राहिलं. ते मोटारीच्या नाकाडाकडे बघतच बसले.

चाकं गार झाली. गाडी निघाली. पण पुढचा उतार लागला आणि सवयीने काकांचा हात दांडीवर गेलाच! एन! गाडी सुसाट! समोर वळण, त्याच्या पलीकडे दरी! काकांनी घाबरून दांडी खाली ओढायला घेतली.

“आर नको!” दगू किंचाळली. “आधी ब्रेक! वेग उतरू द्या! आता लो!”

काकांनी ब्रेक दाबला, वेग उतरवला आणि दांडी लोवर आणली. इंजिन गुरगुरलं. गाडी आवरली आणि वळण सावकाश पार झालं. वाहरूने डोळे उघडले.

“वाचलो का आपण?” त्याने विचारलं.

शहाद्याला आबांनी चाकांना हात लावून पाहिला. चाकं जेमतेम कोमट होती! काकांनी काही न लपवता सगळं सांगितलं आणि किल्ली पुढे केली. “चूक मन्हीच व्हती, आबा.”

आबांनी किल्ली घेतली नाही. ते मिशीवरून हात फिरवू लागले.

“पेट्रोल वाचाडाले उतारवर मी बी एनच टाकस,” ते पुटपुटले. “शाबास रे पोरं हो! तुम्ही डोळा उघडात आमना. सुपडू, चल, बस गाडीमा. अन् मालेबी दखाड.”

आणि भर पेठेत, सगळ्यांच्या देखत, आबा सुपडूकाकांच्या शेजारी शिकाऊ म्हणून जाऊन बसले.