गळती जैसे थे

मांजरखिंडच्या शासकीय विश्रामगृहातल्या कक्ष क्रमांक एकची गळती कायमची बंद झाली. कार्यकारी अभियंत्यांनी स्वतः स्टुलावर चढून छताला हात लावला, हात कोरडा निघाला आणि त्या कोरड्या हाताचा फोटो अहवालाला जोडला गेला.

हे वाक्य वाचकांनी आता विसरून जावं. गळती बंद वगैरे काही झालेली नाही. तुम्ही हे वाचत असताना तिथल्या निळ्या बादलीत ‘टप्’ असा एक आवाज झालेला आहे. आपण त्या आवाजापासून सुरुवात करू.

सरकारी इमारती स्वतःची दुरुस्ती स्वतःच करतात, या गोष्टीला लोक आता सरावले होते. सुरुवातीला तहसील कचेरीची तडकलेली भिंत रातोरात सांधलेली पाहून लोकांनी नारळ फोडले होते. पुढे पुढे कुणी मान वर करूनही बघेना. दुरुस्तीच्या ठेकेदारांपैकी काहींनी शेळीपालन सुरू केलं आणि त्यांच्या शेळ्याही म्हणे वेळेत पूर्ण होत नव्हत्या.

ही सगळी किमया स्मरणचुन्याची. काँक्रीटमध्ये जिवाणू मिसळून ठेवायचे, भेगेतून हवा-पाणी आत गेलं की ते जागे होतात, चुनखडी तयार करतात आणि भेग बुजवतात, ही कल्पना तशी जुनी. डॉ. शाल्मली टिल्लू यांनी तिच्यात भर घातली ती स्मरणशक्तीची. त्यांचे जिवाणू एकमेकांना रासायनिक निरोप धाडत आणि सगळ्या इमारतीचा आकार मिळून लक्षात ठेवत. भिंतीला हा चुना फासला की पहिले काही आठवडे तिला हात लावायचा नाही. लोणचं मुरतं तशी इमारत मुरते, म्हणून या काळाला नाव पडलं ‘मुरवण’. मुरवणीत जे जसं असेल ते जिवाणूंच्या लेखी बरोबर. त्यानंतर कुठे चुना कमी झाला तर ते भरणार, जास्त झाला तर विरघळवणार, आणि इमारत पुन्हा मूळपदावर आणणार.

मांजरखिंडला मुरवण सुरू करायच्या दिवशी टिल्लूबाईंनी उपअभियंता हणमंत दुधाणे यांना फोन केला होता. दुधाणे तेव्हा आढावा बैठकीत बसले होते. कक्ष क्रमांक एकवरच्या पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब गळतोय, तो आधी दुरुस्त करायचा की तसाच मुरवायचा, असं बाईंनी विचारलं. दुधाण्यांनी तोंडावर हात धरून, खात्यात आजवर कुणालाही अडचणीत न आणलेलं उत्तर दिलं.

“सध्या जैसे थे ठेवा. नंतर बघू.”

इमारतीने आज्ञा पाळली. त्यानंतर तो स्लॅब तीनदा फोडून नवा केला, त्यावर डांबर ओतलं, टाकीच उचलून दुसरीकडे नेली. जिवाणूंनी दर वेळी नव्या स्लॅबमध्ये जुनं भोक पाडलं. टाकी हलवल्यावर तर पाणी भिंतीच्या पोटातून वाट काढत आलं आणि बरोबर त्याच जागी, त्याच बादलीत पडलं. राज्यात एवढ्या निष्ठेने चालणारी पाण्याची योजना दुसरी नव्हती.

आणि आता मंत्रिमहोदय मुक्कामाला येणार होते. त्यांना कक्ष क्रमांक एक लागतो. त्यात मधोमध पलंग आणि पलंगाच्या मधोमध बादली.

“यावर उपाय एकच,” टिल्लूबाई म्हणाल्या. त्या खास पुण्याहून आल्या होत्या आणि व्हरांड्यात चहा घेत होत्या. “विसरवण. सगळ्या इमारतीला गरम वाफारा द्यायचा. जिवाणू सगळं विसरतात. मग गळती बुजवायची आणि नव्याने मुरवायचं.”

“नुसत्या त्या खोलीला देता येईल का वाफारा?”

“नाही हो. चुना सगळा एकच. छताचा वेगळा, मोरीचा वेगळा असं त्याला नसतं. विसरला तर सगळंच विसरणार.”

कपबश्या उचलायला आलेले इस्माईल मुजावर तिथेच थबकले. इस्माईलचाचा म्हणजे इथले खानसामा. मागच्या सर्व्हंट क्वार्टरमध्ये ते आणि त्यांच्या पत्नी हमीदाचाची राहत. त्यांनी डावा गाल हाताने धरला होता, पण त्यात नवीन काही नव्हतं. तो कायमच धरलेला असे.

“दाढ का?” दुधाण्यांनी विचारलं.

“व्हय साहेब.”

“अहो चाचा, मागच्याच महिन्यात उपटून आलात ना?”

“आली परत.”

“परत आली म्हणजे?”

“उगवली. किडकीच उगवली. डाक्टर म्हणतो, चाचा, तुम्ही काय माझी परीक्षा घेताय का? दोन वेळा काढली त्यानं. आता म्हणतो, तिसऱ्यांदा आलात तर पोलिसात देईन.”

टिल्लूबाईंनी कप खाली ठेवला. मग त्या उठल्या, पिशवीतून छोटी बॅटरी काढली आणि शास्त्रज्ञाला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाल्या, “आ करा.”

बराच वेळ आत बघून झाल्यावर त्यांनी दुधाण्यांना जे समजावून सांगितलं, ते असं. भिंतीचा चुना झिजतो, धूळ होतो. ती धूळ माणसाच्या नाकातोंडात जाते, टाकीच्या पाण्यातून पोटात जाते. दात काय आणि हाडं काय, चुन्याचाच माल. पाहुणा येतो आणि जातो, त्याला इमारत विचारत नाही. पण मुरवणीच्या सबंध काळात जो एकदाही फाटकाबाहेर गेला नाही, त्याला जिवाणू पाहुणा का म्हणून समजतील?

“मग काय समजतात?”

“बांधकाम,” बाई म्हणाल्या. “त्या आठवड्यांत यांची दाढ किडकी होती. इमारतीच्या मते ती तशीच असायला हवी. ही गळती आणि ही दाढ, एकाच कामाचे दोन भाग आहेत.”

दुधाण्यांना मनापासून आनंद झाला. “म्हणजे वाफारा दिला की चाचांची दाढही सुटणार! एका दगडात दोन पक्षी. काय चाचा?”

चाचा हसले नाहीत. त्यांनी एकदा मागच्या क्वार्टरकडे पाहिलं.

“मॅडम,” त्यांनी हळू आवाजात विचारलं, “काळजात पण चुना असतो का?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी हमीदाचाचींच्या हृदयाची एक झडप दाखवून सांगितलं होतं, की तिच्यात चुना साचत चाललाय. झडप उघडायची ती दिवसेंदिवस कमी उघडेल. ऑपरेशन त्यांच्या तब्येतीला झेपणार नाही. वर्षभर जपा. चाचा त्यांना घेऊन परत आले आणि जपणं म्हणजे काय ते नीटसं न कळल्याने त्यांनी रजा टाकून दोघांपुरतं दार लावून घेतलं. बाहेर तेव्हाच मुरवण सुरू झाली होती.

वर्ष गेलं. आणखी तीन गेली. चाची मसाला कांडत होत्या, अंगणातल्या पुदिन्यावर बसणाऱ्या मांजरांना शिव्या देत होत्या. मध्ये भाचीच्या लग्नाला म्हणून इचलकरंजीला गेल्या आणि हळदीच्या दिवशीच त्यांना धाप लागली. उचलून परत आणलं. इथे आल्यावर आठवड्यात पुन्हा मांजरांचा उद्धार सुरू झाला. तेव्हापासून चाचा रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी जिभेने दाढ चाचपत. ठणका लागला की त्यांना बरं वाटे. दाढ दुखतेय म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. शेजारी हमीदा पण आहे. दाढ का दुखते आणि चाची का टिकतात, यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्यांना आज कळलं होतं. पण असावा, असं त्यांना वाटतच होतं.

“विसरवण झाली तर?” दुधाण्यांनी विचारलं.

“दाढ काढली की परत उगवणार नाही,” टिल्लूबाई म्हणाल्या. “आणि झडपेत पुन्हा चुना साचायला लागेल. पुढे ते मिरजेचे डॉक्टर म्हणाले तसं.”

आत ‘टप्’ झालं.

मग तिघंही क्वार्टरच्या दाराशी गेले. चाची कांदा चिरत होत्या. टिल्लूबाईंनी त्यांना सगळं परत समजावून सांगितलं, चुना, जिवाणू, झडप. चाचींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजी मी भिंत?”

“तसं नाही, पण...”

“भिंत तर भिंत. लग्नापासून ह्यो माणूस माझ्याशी भिंतीशी बोलल्यागतच बोलतोय.” त्यांनी सुरी चाचांच्या दिशेने केली. “तुम्हाला काय करायचं ते करा. पण इतक्यात मरायला मला सवड नाही. ह्याच्याशी माझं भांडण राहिलंय.”

“कसलं भांडण?” दुधाण्यांनी विचारलं.

“इचारा त्यालाच.”

चाचा छपराकडे बघू लागले. भांडण चार वर्षांपूर्वीचं होतं. कलेक्टरसाहेब जेवायला होते. मटणाचा रस्सा चाचींनी केला होता, नेहमी त्याच करत. साहेबांनी बोटं चाटून विचारलं, कुणी केलाय हा? आणि इस्माईलचाचा म्हणाले, “मीच, साहेब.”

“एकदा,” चाची म्हणाल्या, “एकदा कोन्या मोठ्या साहेबाम्होरं ह्यानं खरं नाव सांगू दे. मग मी खुशाल डोळे मिटीन. तवर न्हाई.”

परत येताना दुधाण्यांनी बाईंना कुजबुजत विचारलं, “हा रागही चुन्यामुळेच टिकलाय का हो? चार वर्षं म्हणजे...”

“छे. राग आमच्या चुन्यात धरत नाही. तो त्यांचा स्वतःचा आहे.”

आता अडचण दुधाण्यांची होती. गळती बंद नाही झाली तर त्यांची बदली ठरलेली, आणि तीही अशा ठिकाणी जिथे विश्रामगृहच नाही. ते रात्रभर जागले वगैरे नाहीत. जेवून झोपले. सकाळी दाढी करताना त्यांनी वरिष्ठांचं पत्र आरशापाशी धरून परत वाचलं. विषय होता, ‘कक्ष क्रमांक एकमधील गळती बंद करणेबाबत’.

‘अमुक खोलीमधील’ असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. कक्ष क्रमांक एक.

दहा वाजता त्यांनी पेचकस मागवला. कक्ष क्रमांक एकच्या दारावरची पितळी पाटी काढून शेजारच्या खोलीच्या दारावर बसवली. दार लाकडाचं होतं, चुन्याचं त्यात काही चालत नाही. शेजारची खोली मुरवणीच्या काळातही कोरडी होती आणि जग बुडालं तरी कोरडीच राहणार होती. गळक्या खोलीवर ‘भांडार’ असं खडूने लिहिलं. पलंग तिकडे गेला, बादली इकडेच राहिली. कार्यकारी अभियंते आले, स्टुलावर चढले. पुढचं तुम्ही विसरलेले आहातच.

मंत्रिमहोदय आले. झोप उत्तम लागली म्हणाले. दुपारी जेवायला मोठा लवाजमा बसला. टिल्लूबाईही होत्या. रस्सा वाढला गेला. मंत्र्यांनी पहिला घास घेतला, जेवण थांबवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “हा रस्सा कुणी केलाय?”

स्वयंपाकघराचं दार इंचभर उघडं होतं आणि त्या इंचभरात हमीदाचाची उभ्या होत्या. यापेक्षा मोठा साहेब मांजरखिंडला पुन्हा येणं कठीण होतं.

इस्माईलचाचांच्या हातात रश्श्याचं पातेलं होतं. त्यांनी जीभ गालाच्या डाव्या बाजूला नेली. दाढ ठणकली. त्यांचा चेहरा एकदम निवळला.

“मीच केलाय, साहेब,” ते म्हणाले.

आत पातेल्याचं झाकण आपटल्याचा आवाज झाला. मागोमाग आणखी एक. मग चाचींचा आवाज, मंत्र्यांनाही न जुमानणारा: “बघतेच आता मी ह्याला! बघतेच!”

चाचा मान खाली घालून वाढत राहिले. त्यांच्यासारखा समाधानी माणूस दुधाण्यांनी खात्यात पूर्वी पाहिलेला नव्हता. टिल्लूबाई मात्र जेवायच्या थांबल्या होत्या. गेल्या वर्षी राज्यात शाळा, दवाखाने, कचेऱ्या मिळून किती इमारती मुरल्या आणि त्यांत त्या त्या मुरवणीच्या काळात कोण कोण, काय काय घेऊन, फाटकाबाहेर न पडता बसलं होतं, याचा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला. बाळंतिणींचा वॉर्ड आणि तिथली तान्ही हाडं डोक्यात आल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

त्याच संध्याकाळी दुधाण्यांच्या टेबलावर वेगळंच पत्र येऊन पडलं. इस्माईल मुजावर महिनाअखेर सेवानिवृत्त होत होते. नियमाप्रमाणे त्यांनी क्वार्टर रिकामं करून द्यायचं होतं. दुधाण्यांनी ते पत्र बाजूला सारलं आणि मग, नोकरीत पहिल्यांदाच, ‘जैसे थे’ हे शब्द पूर्ण शुद्धीत लिहिले:

“महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनयपूर्वक सादर करण्यात येते की, श्रीमती हमीदा इस्माईल मुजावर या सदर इमारतीत राहत नसून सदर इमारतीचाच भाग आहेत. सबब त्यांची नोंद कुटुंबीय म्हणून न घेता स्थावर मालमत्तेत भारवाहक भिंत म्हणून घ्यावी, व नियमानुसार भारवाहक भिंत हलवता येत नसल्याने त्यांना क्वार्टर रिकामे करण्यास सांगू नये. श्री. मुजावर हे सदर भिंतीस आधार असल्याने त्यांनाही काढता येणार नाही. त्यांची खालची डावी दाढ देखभाल-दुरुस्तीच्या सर्व योजनांमधून कायमस्वरूपी वगळण्यात यावी. भांडारातील निळ्या बादलीस मुदतवाढ मिळावी. तसेच उभयतांमधील रश्श्याचे प्रकरण निकाली निघेपर्यंत मांजरखिंड येथे शासनाने कोणतीही सुधारणा करू नये व सर्व काही जैसे थे ठेवण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती.”