अकराव्या मीटरवर

सकाळी साडेनऊला फोन वाजला. पलीकडची बाई रडून थकलेल्या आवाजात बोलत होती.

“फाइल जात नाहीये. बारा दिवस झाले. तुमची दोन माणसं येऊन बघून गेली. आज कुणी आलं नाही तर मी पुन्हा फोन करणार नाही. उपयोगच काय?”

“कसली फाइल आहे, ताई?”

“बाबांच्या पोटाचं स्कॅन. मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचंय. ते बघून सांगणार आहेत, ऑपरेशन होईल की नाही.”

फोन घेणारी बाई इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात अठरा वर्षं काढलेली. दोन माणसं हात हलवत परत आली की ती तक्रार तिच्या टेबलावर यायची. ऑफिसात तिला सगळे दुर्बीण म्हणत. तोंडावरसुद्धा.

तिने पिशवी उचलली आणि निघाली.

घर तळमजल्यावर होतं. एका रांगेत चार खोल्या. पुढच्या खोलीत भाडेकरू, मग स्वयंपाकघर, मग वडिलांची खोली, शेवटी लेकीची. शेवटच्या खोलीत जुना कॉम्प्युटर. इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर, पुढच्या दाराशी. तिथून एक पांढरी केबल भिंतीच्या कडेकडेने सगळ्या खोल्या ओलांडत मागे गेली होती.

लेक पाणीपुरवठा ऑफिसात कारकून होती. वय चाळिशीच्या आसपास. डोळ्यांखाली काळं. तिने स्वयंपाकघरातलं स्टूल पुढे केलं आणि उभ्याउभ्याच सांगायला लागली.

“नीट सांगा,” दुर्बीण म्हणाली. “अजिबात जात नाही की हळू जाते?”

“जाते, पण गोगलगायीसारखी. स्कॅनची सीडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलने इंटरनेटवरचं एक पान दिलं, तिथे फाइल टाकायची. चार तासांनी ते पान आपोआप बंद होतं. तोवर पस्तीस टक्के जाते. पुन्हा पहिल्यापासून.”

“लाइन पूर्ण बंद कधीच पडली नाही?”

“एकदाही नाही.”

“आधी वेग कसा होता?”

“चांगला होता हो. स्कॅनची सीडी घरी आली त्याच्या आदल्या दिवशीच मी ऑफिसचं काम पाठवलं होतं. चुटकीसरशी गेलं.”

“मग ऑफिसातून का नाही पाठवत?”

“तिथे बाहेरची सीडी लावायची बंदी आहे.”

“एखाद्या दुकानातून, नाहीतर पुढच्या भाडेकरूच्या खोलीतून?”

लेक पहिल्यांदाच जराशी हसली. “बाबांनी शपथ घातलीय. म्हणतात, माझं पोट चार लोकांसमोर उघडं करायचं नाही. आजारी माणसाशी भांडायचं तरी किती?”

“आमची माणसं काय म्हणाली?”

“पहिला म्हणाला, डब्यापर्यंत लाइन झकास आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा. दुसऱ्याने केबल तपासली, म्हणाला केबल ठीक, कॉम्प्युटर खराब. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला त्याच्या दुकानात घेऊन गेला, म्हणाला कॉम्प्युटर ठीक, लाइन खराब.” तिने आवाज खाली आणला. “खरं सांगू? मला पुढच्या खोलीतल्या मास्तरांचा संशय आहे. दिवसभर व्हिडिओवर गणित शिकवतात. तेच सगळं ओढून घेत असतील.”

मास्तर दारातच भेटले. हातात खडू, चेहऱ्यावर अपराधी भाव.

“तुमचं इंटरनेट कसं चालतं?” दुर्बिणीने विचारलं.

“उत्तम. एकदाही अडकलं नाही.”

“दहा मिनिटं बंद ठेवाल?”

मास्तरांनी लगेच सगळं बंद केलं. दुर्बीण मागच्या खोलीत गेली, कॉम्प्युटरवर वेग मोजला. आधीसारखाच कमी. मास्तर सुटले.

मग तिने आपला लॅपटॉप राउटरला जोडला. वेग भरपूर. तोच लॅपटॉप मागच्या खोलीत त्या पांढऱ्या केबलला जोडला. वेग पार तळाला.

म्हणजे केबल.

तिने केबलच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला. आतल्या आठ तारांसाठी आठ हिरवे दिवे. आठही क्रमाने लागले. एकही तार तुटलेली नाही, एकही उलटी लागलेली नाही. तिच्या आधीचा माणूस इथूनच परत फिरला होता.

“केबल या मधल्या खोलीतून जाते ना?”

“हो, बाबांच्या कॉटमागून. पण ते झोपलेले असतात. तुमच्या माणसांना मी आत जाऊ दिलं नव्हतं.”

वडील जागे होते. उशीला टेकून बसलेले. अंगातलं मांस उतरलेलं, नजर मात्र लखलखीत. उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी.

“या,” ते म्हणाले. “तिसऱ्या तुम्ही. काही लागलं का हाताला?”

“बघतेय, काका.”

“दिवे लागले ना आठही?”

“लागले.”

“मग केबलला काही झालेलं नाही. हॉस्पिटलवाल्यांचंच यंत्र मंद असणार. सोडून द्या.”

“अंगठ्याला काय झालं?”

“सफरचंद कापत होतो.”

दुर्बीण बाहेर आली. लेकीला विचारलं, “बाबा नोकरीला कुठे होते?”

“टेलिफोन खात्यात. केबल जॉइंटर. रस्त्याखालच्या केबलमध्ये शेकडो तारा असतात ना, त्या जोडायचे. अख्ख्या खात्यात त्यांच्यासारखा हात नव्हता म्हणतात.”

“आमच्या माणसाने टेस्टर लावला तेव्हा बाबा बघत होते?”

“छे. दोन्ही टोकं त्यांच्या खोलीबाहेर आहेत. आणि ते उठत कुठे? मला धरल्याशिवाय मोरीपर्यंत जात नाहीत.”

“केर कोण काढतं?”

“मीच. का हो?”

“गेल्या बारा दिवसांत केरात रंगीत प्लास्टिकचे बारीक तुकडे दिसले?”

लेक विचारात पडली. “दिसले होते. निळे, हिरवे. सीडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऑफिसातून आल्यावर. मला वाटलं, मास्तरांकडचं काहीतरी.”

दुर्बिणीने पिशवीतून दुसरं यंत्र काढलं. ऑफिसात ते एकच होतं आणि सहसा कुणी बाहेर काढत नसे. ते दिवे लावत नाही. केबलमध्ये गडबड किती अंतरावर आहे, तो आकडा दाखवतं.

तिने ते राउटरच्या टोकाला लावलं. आकडा आला, अकरा.

तिने टेप काढली आणि केबलच्या कडेने मोजत निघाली. पुढची खोली, चार मीटर. स्वयंपाकघर, आठ. वडिलांच्या खोलीचा उंबरठा, नऊ. अकराव्या मीटरला टेप कॉटच्या उशाशी पोचली.

“ताई,” ती म्हणाली, “तुम्ही मागच्या खोलीत बसा. मी हाक मारीन.”

वडिलांनी डोळे मिटले होते.

“काका, झोपलेला माणूस श्वास रोखून धरत नाही.”

डोळे उघडले नाहीत. दुर्बीण गुडघ्यांवर बसली आणि कॉटमागे हात घातला. तिथे जास्तीच्या केबलचं वेटोळं होतं, दहाएक मीटरचं. वेटोळ्याच्या सुरुवातीला एक जॉइंट, शेवटी दुसरा. वर पांढरी पट्टी इतकी सफाईने गुंडाळलेली की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. तिने एक पट्टी सोडली. आत आठ तारा, प्रत्येकीला सारखेच पीळ, एकीचा सांधा दुसरीला लागू नये म्हणून पायरीपायरीने मागेपुढे.

ती बराच वेळ बघत राहिली. असं काम तिने कधी पाहिलं नव्हतं.

“सांगू काका, कसं केलंत?”

“सांगा.” आता डोळे उघडे होते.

“या केबलमध्ये चार जोड्या. जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून जातात, म्हणून बाहेरचा त्रास दोघींत विरून जातो. तुम्ही पहिल्या जॉइंटला जोड्या फोडल्यात. हिरवीची जोडीदार निळीबरोबर लावलीत, निळीची हिरवीबरोबर. दहा मीटर त्या परक्या तारेसोबत चालल्या. दुसऱ्या जॉइंटला तुम्ही सगळ्या आपापल्या जागी परत आणल्यात. टोकाला टेस्टर लावला की आठही दिवे हिरवे. मधे मात्र कुणाचं बोलणं कुणाला कळत नाही. निम्मं वाया जातं, पुन्हा पाठवावं लागतं.”

वडिलांनी पाठीमागची उशी सारखी केली.

“तार तोडली असती तर लाइन बंद पडली असती. बंद लाइन एका दिवसात दुरुस्त होते. हळू लाइनचं कारण महिनामहिना सापडत नाही. हे टेलिफोनवाल्यालाच ठाऊक. मास्तरांना हे येत नाही, ताईंनाही नाही. आणि दोन्ही जॉइंट कॉटवर बसल्याबसल्या हात पोचेल तिथेच आहेत. ज्याला उठता येत नाही, त्यानेच ते केलंय.”

“आणखी?”

“टेस्टर तुमच्यासमोर कुणी लावलाच नव्हता. तुम्ही मला विचारलंत, दिवे आठही लागले ना? लागतीलच, असंच तुम्ही सगळं जुळवलं होतंत. म्हणून तर विचारलंत.”

म्हातारा हळूच हसला. “जॉइंट कसा होता?”

“उत्तम. साधा माणूस असा जोडत नाही. बघितल्याबरोबर कळलं.”

“हात पूर्वीसारखा चालत नाही आता. अख्खा दिवस लागला.” त्यांनी अंगठ्याकडे बघितलं. “तिला सांगू नका.”

“का केलंत, ते तरी सांगा.”

ते खालच्या आवाजात बोलू लागले. स्कॅन झालं त्या दिवशी लेक खाली औषधं आणायला गेली होती. डॉक्टरला त्यांनी तेव्हाच गाठलं, खरं सांगा म्हणून हट्ट धरला. डॉक्टर म्हणाला, दोन-तीन महिने. मोठ्या हॉस्पिटलला विचारून बघा, पण फार आशा धरू नका.

“हिच्या आईच्या वेळी आम्ही असंच विचारलं होतं. ते या म्हणाले. गेलो. परक्या गावात भाड्याची खोली घेतली. पाच महिने ती तिथे झिजली. शेवटी भिंतीला हात लावून विचारायची, ही कुणाची भिंत? पोरीने ते सगळं एकटीने काढलं. मी नुसता शेजारी बसून होतो.” त्यांना धाप लागली. “ते नाही म्हणाले तर ती आजच मोडेल. या म्हणाले तर मला घेऊन पुन्हा त्या खोलीत जाईल. फाइल गेलीच नाही, तर काहीच होत नाही. मी इथेच पडून असतो. आणि ती संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसते...”

ते थांबले. दुर्बिणीने मागे वळून बघितलं.

लेक दारात उभी होती. हातात पाण्याचा पेला. केव्हापासून, कोण जाणे.

“मी बारा दिवस या खोलीत बसून टक्के मोजले, बाबा,” ती म्हणाली. “फोनवर ते पान उघडून. आज तेवीस झाले, आज एकतीस झाले. तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवत होते.”

“म्हणून तर, बाळा.”

“बारा दिवस!” तिचा आवाज फाटला. “त्या बारा दिवसांत काही करता आलं असतं तर? कुणाला विचारून ठरवलंत?”

“कुणालाच नाही.”

“तुमचं पोट आहे, मान्य. पण बाप माझा आहे ना?”

म्हाताऱ्याने मान खाली घातली.  लेकीने पेला त्यांच्या उशाशी ठेवला.

दुर्बीण मधे पडली नाही. तिने सोडलेली पट्टी गोळा केली, मग विचारलं, “ताई, पाठवायची का?”

लेकीने वडिलांकडे बघितलं. ते म्हणाले, “पाठव. तुझं समाधान होऊ दे.”

दुर्बिणीने दोन्ही जॉइंट कापले, वेटोळं काढून टाकलं, केबल सरळ जोडली. वेग मोजला. मागच्या खोलीत लेकीने बटण दाबलं आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. फाइल नऊ मिनिटांत गेली.

त्या नऊ मिनिटांत दुर्बिणीने पिशवी भरली.

चार दिवसांनी दुपारी दुर्बिणीच्या टेबलावरचा फोन वाजला.

“मी बोलतेय, स्कॅनवाली,” लेक म्हणाली. “तक्रार नाहीये. तुम्हाला सांगावंसं वाटलं. उत्तर आलं. ऑपरेशन होणार नाही म्हणतात. घरीच ठेवा, दुखणार नाही एवढं बघा.”

“ताई...”

“मी विचारलं त्यांना, बारा दिवस आधी मिळालं असतं तर?  डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.” तिने श्वास घेतला. “एवढंच. सांगता येत नाही. आता हे मी जन्मभर वागवायचं.”

 दुर्बिणीने विचारलं, “बाबांना सांगितलंत?”

“नाही. सकाळी ते म्हणाले, काही आलं का गं? मी म्हटलं, नाही अजून. मोठी फाइल आहे, वाचतायत.”

“मग?”

“माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं, ताई. माझं खोटं त्यांना लहानपणापासून कळतं. मग माझा हात धरला आणि म्हणाले, वाचू दे सावकाश, घाई कसली.”