भिंतीवरची पाठमोरी बाई

दार उघडलं तेव्हा त्याच्या कानामागे लाल पेन्सिल होती.

"पडद्यांची मापं घ्यायला आलेय," ती म्हणाली. खरं तर हे काम दुकानातल्या काकांचं. पण सकाळी त्यांची कंबर धरली आणि मालकीणबाईंनी टेप तिच्या हातात कोंबली.

"या ना. दोनच खिडक्या आहेत, पण दोघींचं एकमेकींशी पटत नाही. एक लांब, एक रुंद."

ती हसली. घर लहान होतं. टेबलावर छापील कागदांचे गठ्ठे, प्रत्येकावर बारीक खुणा. तो मुद्रितशोधक होता, दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचेच पैसे घ्यायचे, असं त्यानंच सांगून टाकलं. डोळे मात्र चुका काढणारे वाटत नव्हते. जरा जास्तच वेळ थांबणारे होते...

तिनं पहिल्या खिडकीला टेप लावली, उंची लिहिली, वळली—आणि टेप हातातून सुटली. सर्रकन आत गेली, बोटाला चाटून.

समोरच्या भिंतीवर तिची आई होती.

दोरीवर चादर वाळत घालणारी, पाठमोरी, मान जराशी वळवलेली, चिमटा दातात धरलेला. हिरवट आभाळ, लालभडक चादर. चित्रातली, तिनंच काढलेली. सहा वर्षांपूर्वी भंगारात गेलेली!

"लागलं का?" तो धावत आला.

"नाही... हे... हे कोणाचं आहे?"

"माझ्या सगळ्यात आवडत्या चित्रकाराचं." त्याचा चेहरा एकदम उजळला. "चार वर्षांपूर्वी जुन्या सामानाच्या दुकानात कपाट बघायला गेलो होतो. कपाट राहिलं, हे घेऊन आलो. नाव कुठेच नाही. मागे पेन्सिलीनं एक ओळ आहे तेवढी. पण माणूस माझ्या डोळ्यांसमोर आहे. साठीचे असतील. दाढी. फारसं कोणाशी बोलत नसतील."

"दाढी?" ती जवळजवळ किंचाळली.

"का? दाढीवाल्यांवर राग आहे?"

कलाशाळेच्या प्रवेशाच्या दिवशी परीक्षकांनी हेच चित्र सगळ्यांसमोर उचलून धरलं होतं. 'रंगांची जाणच नाही. असलं घरात कोण टांगणार?' खोलीभर हशा. घरी येऊन तिनं सातही चित्रं दादापुढे टाकली, भंगारात दे म्हणाली, आणि त्यानंतर ब्रशला हात लावला नाही.

"तुम्ही घरात कोणाचं चित्र लावाल?" तो विचारत होता. "मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. गॅसवाल्यानं त्याच्या मुलीचं नाव सांगितलं. पाच वर्षांची आहे."

"मी कोणाचंच लावत नाही," ती म्हणाली. "आणि हे तर... मला नाही आवडलं."

त्याचा चेहरा असा पडला की तिला स्वतःचाच राग आला. घाईघाईनं मापं उतरवून तिनं चिठ्ठी पुढे केली. त्यानं वाचली. ओठांच्या कोपऱ्यात हसू परत आलं.

"ही 'रविडकी' म्हणजे काय असते?"

"खिडकी आहे ते!"

"तुमचा ख सुटा पडतो. र आणि व होतो. सवय आहे हो मला, राग नका मानू. प्रत माझ्याकडे राहू दे?" मग तो जरा थबकला. "गंमत आहे... असा ख कुठेतरी पाहिलाय."

ती जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरली.

थेट दादाच्या घरी. दादा कांदा चिरत होता, वहिनी पोळ्या लाटत होती.

"दादा, माझी चित्रं कुठे टाकलीस?"

"भंगारात. का गं?"

"आई एका माणसाच्या भिंतीवर आहे."

सुरी थांबली. दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "सांगून टाका आता. सहा वर्षं हे पोटात ठेवून दमले मी."

"भंगारवाल्याच्या दारापर्यंत गेलो होतो," दादा खाली मान घालून म्हणाला. "हात उचलेना. जुन्या सामानवाल्याकडे ठेवली. म्हटलं, भिंतीवर लावणाऱ्यालाच दे, कपाटामागे ठेवणाऱ्याला नको. तुझ्या तोंडावर सांगायची छाती नव्हती." त्याचे डोळे भरले होते. कांदा निमित्तालाच होता. "सातही गेली गं. एकही उरलं नाही."

ती खुर्चीवर बसली. सातही! सात घरं, सात भिंती... वहिनीनं न विचारता पाणी आणून दिलं.

आठ दिवसांनी पडदे शिवून तयार झाले. काकांची कंबर बरी झाली होती, तरी ती म्हणाली, "मीच जाते." मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

बाहेर भुरभुर पाऊस होता. छत्री दाराशी टेकवून ती आत शिरली आणि पहिली नजर भिंतीवर गेली. भिंत रिकामी! नुसता खिळा.

*आपणच नाही आवडलं म्हणालो ना...*

"काढलंत?" तिनं विचारलं.

त्यानं हातानं टेबल दाखवलं. चित्र पालथं ठेवलेलं होतं आणि शेजारी तिची मापांची चिठ्ठी. चित्राच्या पाठीवर पुसट अक्षरं होती. 'रवूप वारा आहे. आई रवाली यायला तयार नाही.'

"मंगळवारी तुम्ही गेलात आणि मी पुन्हा चिठ्ठी वाचायला बसलो," तो हळूच म्हणाला. तोही चांगलाच हादरलेला दिसत होता. "चार वर्षं ज्यांना आजोबा समजून रोज मनातल्या मनात नमस्कार केला... ते स्टुलावर चढून माझ्या खिडक्या मोजत होते. दाढी केव्हा काढलीत?"

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही. तोंड लपवायला ती पडदे घेऊन स्टुलावर चढली. एक पडदा लागला. तो मागे सरकून पाहत म्हणाला, "वा. राखाडी किती छान दिसतो."

तिचा हात हवेतच राहिला.

"काय म्हणालात?"

"राखाडी..."

"अहो, हा गुलाबी आहे!"

बाहेर पागोळ्या टपटपत होत्या.

"गुलाबी?" त्यानं पडद्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. "बरं. म्हणजे... सांगायला हवं होतं मी. मला काही रंग वेगळे ओळखता येत नाहीत. लाल-हिरवं तर मुळीच नाही. जन्मापासून."

ती सावकाश खाली उतरली. म्हणजे अख्ख्या जगात तिच्या चित्रावर जीव टाकणारा एकच माणूस, आणि त्याला रंगच दिसत नव्हते! हसावं की रडावं कळेना.

"म्हणून आवडलं तर तुम्हाला," ती कोरडेपणानं म्हणाली आणि पिशवी आवरू लागली. "डोळस माणसानं हे कधी टांगलं नसतं."

"थांबा." त्यानं पिशवीचा दुसरा बंद धरला. "मला काय दिसतं ते तरी ऐका. त्या बाईंनी चिमटा दातात धरलाय, पण मान वळलीय. मागे कोणीतरी आहे. त्यांना काहीतरी बोलायचंय आणि चिमट्यामुळे बोलता येत नाहीये. रोज सकाळी चहा घेताना मला वाटतं, आज बोलतील. ते माणूस त्यांचं खूप लाडकं असणार, नाहीतर मान अशी वळत नाही."

तिचे हात थांबले. त्या दिवशी गच्चीत आई खरंच वळली होती. 'जेवलीस का?' एवढंच विचारायचं होतं तिला. चांगल्या डोळ्यांच्या परीक्षकांना ते दिसलं नव्हतं. खुद्द तिलाही ते विसरायला झालं होतं.

"जेवलीस का, असं विचारतेय ती," ती पुटपुटली. "मला."

"मग उत्तर द्या ना त्यांना," तो म्हणाला. "मी चार वर्षं थांबलोय."

पिशवीचा एक बंद अजून त्याच्या हातात होता, एक तिच्या. कोणीच सोडत नव्हतं.

"एक चूक मात्र झालीय माझी," तो खाली बघत म्हणाला. "चित्रकारावर चार वर्षं जीव होता. तो सरळ हिशेब. पण मंगळवारपासून पडदे लावणारीवरही... म्हणजे, दोघी एकच निघाल्या हे फार बरं झालं. नाहीतर माझी पंचाईत होती."

सहा वर्षांत तिनं एवढे धक्के खाल्ले नव्हते जेवढे त्या आठ दिवसांत खाल्ले. पण हा शेवटचा... हा हवाहवासा होता.

"रविवारी दोन तास न हलता बसाल?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"तुमचं चित्र काढायचंय. हात बसलेला नाही, वाईट येईल."

"टांगीन."

"आधी बघा तरी!"

"बघून टांगीन," तो म्हणाला आणि त्यानं पिशवी सोडून तिची बोटं धरली. त्याची बोटं शाईनं माखलेली, उबदार.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मालकीणबाई होत्या. "अगं, दोन खिडक्यांना एवढा वेळ?"

"एकच झालीय, बाई," ती म्हणाली. हात तिनं सोडवून घेतला नाही. "दुसरीला... बराच वेळ लागेल."