फक्कीच्या रेघांचं घर

"अहो, भिंतीतून कुठे येताय? दार इकडे आहे!"

कुंदा दचकून जागच्या जागी थांबली. भिंत तर सोडाच, कुंपणाची एक काटकीही आसपास दिसत नव्हती. अंबरनाथच्या पश्चिमेची कापून मोकळी झालेली भातखाचरं, त्यांच्यावर सरत्या पौषातलं दाट धुकं, आणि त्या धुक्यात काखेत कागदाची गुंडाळी धरून उभा असलेला एक उंच, हडकुळा तरुण...

"कुठली भिंत?"

"तुमचा उजवा पाय जिच्यात अडकलाय ती. चांगली पंधरा इंच जाड आहे."

तिने खाली पाहिलं. पायाखाली चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ होती. मग दुसरी दिसली, तिसरी दिसली, आणि सबंध घरच जमिनीवर आखलेलं दिसलं. जिथे रेघ तुटलेली, तिथे दार. कुंदा मुकाट्याने वळसा घालून त्या फटीपाशी आली. त्याने नसलेली कडी काढली, नसलेलं दार ओढलं आणि बाजूला झाला.

"चप्पल काढू?"

"ओसरीत काढा. घर नवीन आहे."

तिला हसू आवरेना. घर नानांचं, म्हणजे तिच्याच वडिलांचं, आणि हा कोण टिकोजीराव तिला चप्पल काढायला सांगणारा! पण तिने ते लगेच सांगितलं नाही. थोडी मजा केली, मग हळूच म्हणाली, "दिनानाथांची मुलगी मी. कुंदा."

त्याचे कान लालबुंद झाले. तो गुरुदत्त. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, जुन्या लष्करी बराकीत एका कंत्राटदाराची कचेरी होती, तिथे तो नकाशे काढायचा. राहायला बदलापूरला. रोज सायकलवरून जाताना वाटेत इथे उतरायचा आणि आखलेलं घर चालून पाहायचा.

"कागदावर सगळं बसतं हो," तो म्हणाला, "चालून पाहिलं की कळतं कुठे कोपर लागतं ते."

त्याने तिला घर दाखवलं. हा दिवाणखाना, ही नानांची खोली, हे न्हाणीघर घरातच, आणि स्वयंपाकघरात उभ्याने रांधायचा ओटा. काडेपेटीच्या कारखान्यात साहेब झाल्यापासून नानांना सगळं मॉडर्न हवं होतं.

"आणि माझी खोली?"

गुरुदत्त घुटमळला. "नकाशात... पाहुण्यांची खोली म्हणून लिहिलीय. नाना म्हणाले, मुलगी लग्नानंतर माहेरी येईल तेव्हा तिथेच उतरेल."

आई गेल्यापासून आठ वर्षं नानांचं घर तिने सांभाळलं होतं. आणि नव्या घरात ती पाहुणी! डोळे भरून आले तशी ती रागाने चालत पार मागच्या कोपऱ्यात, जुन्या विहिरीच्या अंगाला गेली.

"मग निदान स्वयंपाकघर तरी इथे करा! पाणी जवळ, सकाळचं ऊन... पण माझं ऐकतंय कोण?"

तो नुसता तिच्याकडे पाहत राहिला. ते पाहणं तिला घरी पोचेपर्यंत पुरलं.

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच परत आली. मागच्या कोपऱ्यात, अगदी तिने पाय आपटला होता तिथेच, हातभर चौकोन शेणाने सारवलेला होता. ओला, ताजा. बोटांचे अर्धगोल फराटे एकाशेजारी एक उमटलेले. मध्ये चुलीसारखे तीन दगड.

हे कोणी केलं ते विचारायची तिला गरजच वाटली नाही. तिचं ऐकणारा जगात एकच माणूस होता! तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. गुरुदत्तने तो चौकोन पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटलं.

"जागा छान आहे," तो म्हणाला.

"म्हणजे ऐकू येतं म्हणायचं काही जणांना."

"येतं. फक्त उशिरा कळतं."

प्रेमात पडू लागलेल्या माणसांना जास्त चौकशा नको असतात. जे हवं ते मिळालं की ती गप्प बसतात.

त्याने नानांशी आठवडाभर वाद घालून स्वयंपाकघर मागच्या कोपऱ्यात आणलं. पूर्वेच्या उन्हाचं कारण सांगितलं, धुराचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं. नाना पाघळले.

"कोणासाठी एवढी यातायात?" कुंदाने विचारलं.

"घर चालवणाऱ्या बाईसाठी."

"ती तर पाहुणी आहे."

"तेच तर..." आणि तो आखणीच्या दोरीचा गुंता सोडवायला लागला. गुंता नव्हताच दोरीत.

पण त्या कोपऱ्यात काहीतरी बरोबर नव्हतं, हे कुंदाला कळत होतं. सारवण रोज ताजं असायचं. एके सकाळी दवाने सगळी खाचरं पांढरी झाली होती आणि त्या दवात, चौकोनाकडे जाणारं पाऊल एकच होतं. तिचं स्वतःचं. कडेच्या झोपडीतली म्हातारी बनूबाई शेळ्या चारायची, पण तिच्या शेळ्या त्या कोपऱ्याजवळ आल्या की पाय रोवून उभ्या राहायच्या. एकदा धुक्यात कुंदाला काकणं किणकिणल्यासारखी वाटली. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता. पण मग सायकलची घंटी वाजली आणि ती सगळं विसरली.

गुरुवारी ती आली ती पडलेल्या चेहऱ्याने.

"उद्या सकाळी कुदळ मारणार," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी पुण्याची मंडळी येतायत. मला पाहायला."

गुरुदत्तने टेप गुंडाळली. पुन्हा उलगडली. पुन्हा गुंडाळली.

"मग माझं इथलं काम संपलं," तो म्हणाला.

बस्स, एवढंच? कुंदाला वाटलं, ही टेप ओढून घ्यावी आणि विहिरीत फेकावी. माणूस घरभर दारं आखतो आणि तोंडातून एक शब्द बाहेर काढत नाही! ती पाय आपटत निघून गेली, आणि घरी जाऊन रडली.

त्या संध्याकाळी अवकाळी पाऊस झाला. पहाटेपर्यंत कोसळत होता.

शुक्रवारी उजाडता उजाडता कुंदा आली तेव्हा घर नव्हतं. सगळ्या रेघा वाहून गेल्या होत्या. उरला होता नुसता चिखल, आणि फक्कीची पिशवी घेऊन उभा असलेला गुरुदत्त. तो मागच्या कोपऱ्याकडे पाहत होता. तिथे सारवलेला चौकोन तसाच होता. फराट्यांसकट. कोरडा.

"एवढ्या पावसात कशाला आलात सारवायला?" त्याचा आवाज दुखावल्यासारखा होता. "आजारी पडला असतात म्हणजे?"

"मी?" कुंदाला कळेना. "मी कुठे... तुम्हीच तर रोज..."

"मला सारवता कुठे येतं, कुंदा?"

त्याने पहिल्यांदाच तिला नुसत्या नावाने हाक मारली होती, पण त्याकडे लक्ष द्यायला दोघांनाही भान नव्हतं. इतके दिवस तिला वाटत होतं, हे त्याचं. त्याला वाटत होतं, हे तिचं. त्या चौकोनाच्या भरवशावर तिने जीव लावला होता आणि त्याने नानांशी भांडण घेतलं होतं.

"ती इठा," मागून आवाज आला. बनूबाई शेळ्यांना घेऊन लांबच उभी होती. "बाय, तिकरं उबी रव नको. लराईचे टायमाला मिलटरीनं जागा घेतली, तवा तिचा घर इथंच व्हता. घो कर्जतकरं गेला. आठ येला बोलवाया आला. ती नाय गेली. चूल सोरून कशी जाव, म्हने. भिंती मोरल्या तरी रोज पहाटं यून सारवायची. मेली त्याच वर्साला." बनूबाईने शेळी ओढली. "मेली, पन सारवते अजून."

काकणं किणकिणली. आता दोघांनीही ऐकली. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चौकोनाच्या कडेला बोटांचा एक नवा फराटा उमटला. सावकाश, नीट, एखादी बाई रोजचं काम करते तसा.

गुरुदत्तने कुंदाचा हात घट्ट धरला.

कुंदाला भीती वाटलीच. पण भीतीपेक्षा जास्त वाईट वाटलं. आठ वेळा बोलवायला आलेला नवरा परत गेला होता, आणि ही अजून जमीन सारवत बसली होती. आज आपण तोंड उघडलं नाही तर संध्याकाळी पुण्याची मंडळी पोहे खातील, सुपारी फुटेल, आपण जाऊ. पण पहाटे पहाटे आपलंही काहीतरी इथेच येऊन बसेल, तिच्या शेजारी.

"मला या घरात खोली नको," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "मला तुम्ही हवे आहात. तुम्हाला मी नको असेन तर आत्ता सांगा, म्हणजे मी एकदाच रडून घेते."

"नको असेन?" गुरुदत्त तिच्याकडे वळला. "कुंदा, कॅम्पातल्या कचेरीत मी गेले पंधरा दिवस जो नकाशा काढतो, त्यात तुम्हीच चालत असता... या दारातून त्या दारात. काल बोलणारच होतो. पण मी काय देणार होतो? बदलापूरला एक भाड्याची खोली. रांधणं, निजणं, पाहुणे, सगळं तिच्यातच."

"खिडकी आहे?"

"एक आहे. तीही लहान."

"मग झालं तर."

लांबून टांग्याचा आवाज आला. नाना येत होते, भटजींना घेऊन, कुदळ घेऊन.

"नाना चिडतील," तो म्हणाला.

"चिडू देत. मी सांगते त्यांना. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा, आणि टेप खिशात ठेवा."

दोघं निघाली. चार पावलांवर कुंदा थांबली आणि मागे वळली. चौकोनाच्या कडेवरचा फराटा अर्धवट राहिला होता, जणू कुणीतरी हात थांबवून वर पाहत होतं. बाईमाणसाने घरातून निघताना 'येते' म्हणायचं असतं. 'जाते' म्हणणं अशुभ, ते परत न येणारीने म्हणायचं, हे तिला आईने चालायला शिकवतानाच शिकवलं होतं.

कुंदाने हात जोडले.

"विठाबाई," ती स्पष्ट म्हणाली, "जाते मी."