उजवीकडचा पडदा

तिने लॅपटॉपवरचा हात उचलला नाही आणि मीही तो ओढून घेतला नाही. दुपारचे ऊन टेबलावर पसरले होते. झाकणावर तिच्या बोटांचे पुसट ठसे दिसत होते.

"बिघडलेला नाहीये तो," ती शेवटी म्हणाली.

"म्हणूनच बघायचाय."

माझी बायको मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. मी एका कचेरीतल्या संगणकांची निगा राखतो. सहा वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्याच महिन्यात, तिच्या लॅपटॉपवर मी लिनक्स ही संगणकप्रणाली घातली. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर स्क्रीनवर चित्र उमटवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर रुसायचा, स्क्रीन काळी पडायची आणि ती लॅपटॉप छातीशी धरून माझ्या खोलीच्या दारात यायची. "वैद्यबुवा, रोगी आणलाय."

चार महिने झाले, ती हाक आली नव्हती. मधल्या काळात दोन मोठी अपडेट येऊन गेली होती.

झाकण उघडताच पहिल्यांदा जाणवले ते रंग. तिच्या चित्रातल्या तळ्याचा निळा इतका खोल होता, की या स्क्रीनवर तसा मी कधीच पाहिला नव्हता.

मी यंत्र सुरू होण्याच्या सूचनांची फाईल उघडली. मी त्यात लिहिलेला एक शब्द आता तिथे नव्हता. 'नोमोडसेट': ड्रायव्हरला जवळ येऊ देऊ नकोस, कामचलाऊ चित्रावर भागव, असे यंत्राला सांगणारा. पहिल्या वर्षी तात्पुरता इलाज म्हणून मी तो लिहिला होता. नंतर काढायला हवा होता. काढला नाही. त्यामुळे रंग मळकट राहिले, उजेड कमीजास्त करणारी बटणे मेली, दर काही आठवड्यांनी काहीतरी अडत राहिले आणि ती मला बोलावत राहिली. या सगळ्याला मी स्वतःशी आळस म्हणत आलो.

कोणीतरी तो शब्द पुसला होता. पुसण्याआधी जुन्या फाईलची तारीख घातलेली प्रत बाजूला ठेवली होती, अगदी मी ठेवतो तशी.

"कोणी केलं हे?"

"आपोआप झालं."

"आपोआप बिघडतं. दुरुस्त होत नाही."

ती हसली. माझ्याकडे पाहून नव्हे.

मी यंत्राला जोडलेल्या पडद्यांची, म्हणजे स्क्रीनची, यादी मागवली. दोन पडदे होते. पहिला लॅपटॉपचा. दुसरा त्याच्या उजवीकडे, चालू स्थितीत. एकाही खाचेत वायर नव्हती. रुंदी सातशे साठ मिलिमीटर, उंची एकोणीसशे ऐंशी. असे पडदे कोणी बनवत नाही, दारे बनवतात. मी मान वळवली. उजवीकडे नुसती भिंत होती.

मी कर्सर उजवीकडे सरकवला. तो कडेशी थांबला नाही. पलीकडे गेला.

"तिकडे नको नेऊस," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात एक जपणूक होती. एके काळी ती माझ्या वाट्याला यायची.

मी माझा शब्द पुन्हा लिहिला आणि यंत्र बंद करून चालू केले. स्क्रीन काळी झाली, मग उजळली. तळ्याच्या निळ्याची राख झाली होती.

"पुन्हा तेच केलंस ना?"

"तुला ठाऊक होतं?"

"सहा वर्षं."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. काहीतरी करायचे म्हणून मी यादी पुन्हा मागवली.

आता एकच पडदा चालू होता. सातशे साठ, एकोणीसशे ऐंशी. लॅपटॉपच्या पडद्यापुढे लिहिले होते: जोडलेला नाही.

आणि ते मी लॅपटॉपच्या त्याच पडद्यावर वाचत होतो.

"तिकडे कोण आहे?" मी विचारले.

तिने चष्मा घडी करून टेबलावर ठेवला. खुर्ची आवाज न करता मागे सारली आणि ती उजवीकडे चालू लागली.

मला मान वळवता आली नाही. माझे दोन्ही हात मांडीवर होते. राखेच्या रंगाच्या स्क्रीनवर कर्सर तिच्या पावलांच्या गतीने सरकत होता. तो कडेशी पोहोचला आणि नाहीसा झाला.

पावले भिंतीशी थांबायला हवी होती. बराच वेळ ती दूर जाताना ऐकू येत राहिली.